घरातले पाखरू

[पक्षी पाळण्याची हौस फार जुनी आहे. बादशहाच्या महालापासून विणकराच्या खोलीपर्यंत ती सगळीकडे आढळते. परंतु घरात आणलेला प्रत्येक पक्षी सारखा नसतो. काही पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, तर काही झाडावरच्या घरट्यातून उचलून आणलेले असतात. हा फरक लेखकाने आपल्या घरच्या एका पोपटाच्या आठवणीतून सांगितला आहे.]

एक प्रश्न विचारतो. खरे उत्तर द्या. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पक्षी आहे?

दरवर्षी नव्या वर्गात मी हा प्रश्न विचारतो. आधी दोन-तीनच हात वर होतात. मग कोणीतरी शेजाऱ्याला कोपराने ढोसतो आणि म्हणतो, “अरे, तुझ्या मामूंकडे कबुतरे आहेत ना?” हळूहळू अर्धा वर्ग हात वर करून बसतो. कोणाकडे पोपट, कोणाकडे लव्हबर्ड्स, कोणाच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, “परिंदे की फरियाद कोणाला पाठ आहे?” आता मात्र सगळेच हात वर जातात. अल्लामा इक्बाल यांची ती कविता तुम्ही उर्दूच्या तासाला शिकलेली असते. पिंजऱ्यातला पक्षी तीत आपल्या बागेची आणि घरट्याची आठवण काढतो. म्हणजे शाळेत कविता म्हणायची आणि घरी जाऊन पिंजऱ्यातल्या मिठूला मिरची भरवायची! मी तुम्हांला हसत नाही. मीही लहानपणी हेच केले आहे.

आपले सोलापूर हे विणकरांचे गाव. माग चालवणारा माणूस दिवसभर एकाच जागी अडकलेला असतो. म्हणून की काय, आमच्या विजापूर वेशीकडच्या गल्लीत बऱ्याच दारांवर पिंजरा टांगलेला असे. मी सहा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. एक माणूस सायकलला टोपली अडकवून गल्लीत आला. टोपलीत पोपटाची पिल्ले होती. त्यांच्या अंगावर धड पिसेही फुटली नव्हती. दादीने त्यातले एक घेतले. भिजवलेली हरभऱ्याची डाळ बोटाने चुरून ती त्याच्या चोचीत घालू लागली. रात्री टोपलीवर कापड टाकी. महिन्याभरात पिल्लू हिरवेगार झाले. त्याचे नाव पडले ‘मिठूमियाँ’.

आमच्या उजवीकडे तेलुगू बोलणारे कुटुंब राहत होते, समोर कन्नड बोलणारे. घरात आमची दखनी. मिठूमियाँने सगळ्यांकडून थोडे थोडे उचलले. दाराची कडी वाजली की तो दादीच्या आवाजात ओरडे, “कौन है?” शेजारच्या काकू आपल्या मुलांना हाक मारीत तशी “रा, रा” अशी हाक मारून तो त्यांच्या मुलांना फसवी. आणि सकाळी दूधवाल्याच्या आधीच त्याचे “दूऽऽध घ्या” सुरू होई. “माझ्या मुलाचे आणि मिठूचे मराठी एकाच दूधवाल्याने सुरू केले,” असे अब्बा पाहुण्यांना सांगत. ते खोटे नव्हते.

मराठीत ‘पोपटपंची’ असा एक शब्द आहे. अर्थ न कळता पाठ केलेले धडाधड म्हणणे म्हणजे पोपटपंची. परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही काय करता ते आठवा! पण पोपटाला हा शब्द लावणे थोडे अन्यायाचे आहे. आपला आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रातून निघतो. पक्ष्याचा आवाज त्याहून खूप खालून, श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथून निघतो. त्या आवाजाला पोपट आपल्या जाड जिभेने आकार देतो. रानातला पोपट एकटा राहत नाही. संध्याकाळी शेकडो पोपट एकाच झाडावर मुक्कामाला येतात आणि झोपण्यापूर्वी केवढा कलकलाट करतात! आपल्या थव्याची बोली शिकणे ही त्याची गरजच असते. पिंजऱ्यात थवा कुठला? तेव्हा घरातली माणसे हाच त्याचा थवा होतो. मिठूमियाँ “कौन है?” म्हणे ते आमच्या करमणुकीसाठी नव्हते. त्याला उत्तर देणारा दुसरा पोपट नव्हता, म्हणून तो आम्हांला हाक मारीत होता. हे मला फार उशिरा समजले.

मिरचीचेही एक कोडे आहे. आपल्या डोळ्यांत पाणी आणणारी मिरची पोपट मजेत कशी खातो? मिरचीतला तिखटपणा ज्या पदार्थामुळे जाणवतो, तो पदार्थ पक्ष्यांच्या जिभेला भाजत नाही. त्यामुळे पक्षी मिरच्या खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पसरतात. मिरचीच्या झाडालाही हेच हवे असते.

आता मिठूमियाँचे पुढे काय झाले ते ऐका. पोपटाच्या नराला साधारण तीन वर्षांचा झाल्यावर गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ येते. तिला ‘कंठ’ म्हणतात. मादीला असा कंठ येत नाही. आमच्या मिठूला तीन वर्षे झाली, चार झाली, पाच झाली, तरी कंठ फुटेना. दादी म्हणे, “खाणे कमी पडते.” मग त्याला आणखी डाळ, आणखी सूर्यफुलाच्या बिया, चहात बुडवलेला पाव. मी सातवीत असताना फेब्रुवारी महिन्यात एके सकाळी पाहतो तर पिंजऱ्याच्या तळाशी पांढरेशुभ्र अंडे! मिठूमियाँ ही ‘मियाँ’ नव्हतीच. सगळी गल्ली हसली. आम्हीही हसलो.

पण ती हसण्यासारखी गोष्ट नव्हती. जोडीदार नसताना घातलेल्या अंड्यातून पिल्लू येत नाही. तरी ती त्या पत्र्याच्या तळावर अंड्याला चिकटून बसली. कडी वाजली तरी ती ओरडेना. दूधवाला आला तरी गप्प. रानात असती तर या दिवसांत एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत तिने चार-पाच अंडी घातली असती आणि नराने तिला चारा आणून भरवला असता. दादी कितीतरी वेळ पिंजऱ्यासमोर पाटावर बसून राहिली. शेवटी म्हणाली, “इसको तो घर चाहिए था.” दोन उन्हाळ्यांनंतर मिठू मेली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. चांगला सांभाळलेला पोपट वीस-पंचवीस वर्षेही जगतो. मोठा झाल्यावर मी एका पशुवैद्यांना याबद्दल विचारले. ते म्हणाले, “नुसत्या बिया आणि डाळीवर पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्व पुरत नाही. त्याला पालेभाज्या, गाजर, फळे लागतात. आणि चहा-पाव तर मुळीच देऊ नये.” चहा-पाव आम्ही फार प्रेमाने दिला होता.

आणखी एक गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. दादीने ते पिल्लू विकत घेतले तेव्हाच ते बेकायदेशीर होते. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९०-९१ पासून भारतातल्या रानपक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर पूर्ण बंदी आली. पोपट, साळुंकी, मुनिया हे सगळे त्यात आले. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता आपला नेहमीचा हिरवा पोपट कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरात कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो.

“सर, पोपट तर एवढे आहेत! वाघासारखे थोडेच आहेत?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. आपल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कणसे भरली की पोपटांचे थवे शेतात उतरतात आणि शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, “न्या की सगळे पकडून!” पण पोपटाचा व्यापार शेतात होत नाही, तो ढोलीत होतो. पिल्ले उडण्याआधीच काढली जातात. कधी ढोली फोडली जाते, म्हणजे पुढच्या वर्षीचे घरही गेले. मग ती पिल्ले पिशवीत, टोपलीत, बसच्या टपावर प्रवास करतात. त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. तुमच्या दाराशी जे एक पोहोचते, त्याच्या मागे न पोहोचलेली भावंडे असतात. आमच्या दारी आलेल्या टोपलीत तीन पिल्ले होती. उरलेल्या दोघांचे काय झाले, हे आम्ही कधी विचारलेही नाही.

म्हणजे पक्षी पाळूच नयेत काय? असे मी म्हणत नाही. तुम्ही ज्यांना लव्हबर्ड्स म्हणता ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, जरा ठेंगणे आणि मोठ्या चोचीचे. आपल्या बाजारात त्या नावाने बहुधा बजरी मिळते. बजरीचे मूळ गाव ऑस्ट्रेलिया. जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजरी इंग्लंडला नेली आणि तेव्हापासून तिची पैदास माणसाच्या घरीच होऊ लागली. रानातली बजरी हिरवी-पिवळी असते. निळी, पांढरी ही पुढे पिंजऱ्यातच निपजलेली रूपे. तिच्यासाठी कोणाला ढोली फोडावी लागत नाही. आपल्या कायद्यात तिला पाळायला मनाई नाही. आफ्रिकेतला करडा पोपट किंवा त्यासारखे काही परदेशी पक्षी मात्र नुसते विकत आणून चालत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते.

बजरी पाळायची असेल तर एकटी पाळू नका. तीही थव्यातच राहणारी आहे. चोचीच्या वरची कातडी निळी असेल तर तो नर आणि तपकिरी असेल तर ती मादी. पिंजऱ्यात छिद्र पाडलेले मडके टांगले तर मादी त्यात अंडी घालते आणि सुमारे अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. खायला राळे, म्हणजे आपली कंगनी, बाजरी आणि रोज थोडी हिरवी पाने द्यावीत. पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा असावा, कारण पक्षी आडवा उडतो, लिफ्टसारखा वरखाली जात नाही. आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नका! एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली टांगलेला पिंजरा म्हणजे भट्टीच. पाणी दिवसातून दोनदा बदला. बजरी आवडेनाशी झाली म्हणून तिला उडवून देऊ नका. तिला इथे अन्न शोधता येत नाही आणि कावळे, मांजरे तिची वाटच पाहत असतात.

कबुतराची गोष्ट निराळी. त्याचे आणि माणसाचे नाते हजारो वर्षांचे आहे. ढाबळीचे दार उघडा, कबुतर आकाशात जाते आणि आपण होऊन परत येते. अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये कबुतरबाजीला ‘इश्कबाजी’ म्हटले आहे. अकबराच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे खास होती, असे तो लिहितो. आमच्या गल्लीतल्या कबुतरबाजांनी हे पुस्तक वाचलेले नाही, पण त्यांचा इश्क तोच आहे. त्यांना एकच सांगणे. ढाबळ साफ करताना नाकातोंडाला फडके बांधा. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना वाईट असते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर तिथे कबुतरे नकोतच.

अकबराचा मुलगा जहांगीर याची हौस आणखी वेगळी होती. त्याने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. त्यांची नावे होती लैला आणि मजनू. जहांगीर त्यांच्याकडे नुसते कौतुकाने पाहत बसला नाही. त्यांनी अंडी कधी घातली, ती कोणी कशी उबवली, पिल्लांना कसे सांभाळले, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले. पाळण्यातून पाहणे सुरू झाले की माणूस कुठल्या कुठे पोहोचतो!

डॉ. सालिम अली यांचे असेच झाले. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला हा मुलगा. घरी जेवणासाठी जिवंत तितर-लावे येत, त्यांतले काही मागून घेऊन तो पाळी. एकदा त्याने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. त्या दिवसापासून त्याचे आयुष्यच बदलले. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरण पक्ष्याचे विणकाम महिनोन्‌महिने पाहिले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी पाहून सिद्ध केले. विणकरांच्या मुलांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी! त्यासाठी त्यांना सुगरण पिंजऱ्यात कोंडावी लागली नाही.

मागच्या वर्षी हा विषय शिकवून झाल्यावर एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. खाली मान घालून म्हणाला, “सर, आमच्या मिठूला आज संध्याकाळी सोडून देऊ का?” मी म्हटले, “थांब. घाई करू नकोस.” त्याच्या मिठूचे पंख कापलेले होते. कापलेली पिसे गळून नवी येईपर्यंत त्याला नीट उडता आले नसते. शिवाय सहा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते. शिक्रा कसा दिसतो हे त्याला माहीत नसते. भूक लागली की तो झाडाकडे जात नाही, माणसाच्या खिडकीशी येतो. अशा पक्ष्याला आधी मोठ्या जाळीघरात, दुसऱ्या पोपटांसोबत ठेवून उडायला शिकवावे लागते. हे काम वनविभागाचे आणि जाणत्या लोकांचे. मी त्याच्या वडिलांना भेटलो. ते घाबरले होते. आम्ही दोघांनी मिळून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. दोन माणसे आली आणि मिठूला घेऊन गेली. त्या मुलाची आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला, पण दिवसभर कोणाशी बोलला नाही. मीही त्याला काही विचारले नाही.

माझ्या दादीने मिठूनंतर दुसरा पोपट आणला नाही. गल्लीतले लोक म्हणत, “दुसरा घे, मन रमेल.” ती ऐकत नसे. तिने गच्चीवर मातीची एक पसरट थाळी ठेवली. सकाळी तिच्यात ताजे पाणी आणि बाजूला मूठभर ज्वारी. आधी चिमण्या आल्या, मग साळुंक्या, मग खारी. पोपट काही खाली उतरत नसत. ते संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला जाताना आमच्या गच्चीवरून ओरडत निघून जात. दादीला तेव्हा नीट दिसत नव्हते. पण आवाज आला की ती मान वर करून म्हणे, “कौन है?”

शब्दार्थ

ढाबळ – कबुतरांचे घर, कबूतरखाना
ढोली – झाडाच्या खोडातली पोकळ जागा
कंठ – गळा. येथे पोपटाच्या गळ्याभोवतालची रेघ
गोफण – दगड फेकण्याचे दोरीचे साधन
माळा – राखणीसाठी शेतात बांधलेली उंच जागा
रास्त – योग्य, वाजवी
शिक्रा – लहान शिकारी पक्षी

स्वाध्याय

१. मिठूमियाँ नर नाही हे घरच्यांना कसे कळले?
२. “पोपटाला पोपटपंची हा शब्द लावणे थोडे अन्यायाचे आहे,” असे लेखक का म्हणतो?
३. ‘शेतकऱ्याला पोपट नको असतो, तरी पोपटाचा व्यापार वाईट.’ तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : मन रमणे, मान खाली घालणे, वाट पाहणे.
५. तुमच्या गच्चीवर किंवा अंगणात येणाऱ्या पक्ष्यांची मराठी आणि उर्दू नावे आठवडाभर वहीत लिहा. कोणता पक्षी कधी आला आणि त्याने काय खाल्ले तेही लिहा.